सातव्या खांबाजवळचा जोड

ही हकीकत लिहिणाऱ्या बाईची आणि नळवाल्यांची बोलण्याइतकी ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. वर्ग शाळेच्या तळमजल्यावरील शेवटच्या खोलीत दुपारी तीन ते साडेचार भरत असे. बाक लहान मुलांच्या मापाचे होते, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला टेकत. तिसऱ्या बाकावर या बाईच्या शेजारी जागा होती. तेथे एके दिवशी चौसष्ट वर्षांचे एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ, म्हणजेच हे नळवाले, येऊन बसले. त्यांनी पाटी काढली ती अवजारांच्या पिशवीतून. पान्ह्याखाली आणि सुतळीच्या गुंडीखाली दबून तिचा एक कोपरा वर्गात येण्याआधीच फुटला होता. पुढे जे लिहिले आहे ते त्यांनी त्या बाकावर बसून सांगितलेले आहे, किंवा या बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण शहरात त्या नावाने त्यांना कुणी ओळखत नसे. लोक त्यांना कानलावे म्हणत. गळती शोधताना ते एक लोखंडी सळई रस्त्यावर टेकवीत, तिच्या वरच्या टोकाला कान लावीत आणि जमिनीखाली पाणी कोठे झिरपते आहे ते हातभर अंतराने अचूक सांगत. सळई टेकवली की वाटेवरची माणसे आपोआप गप्प होत. नव्याने राहायला आलेले भाडेकरू ते त्यांचे आडनाव समजून पत्ता विचारीत दाराशी येत. मग त्यांची पत्नी आतूनच म्हणे, "कान लावून बसले असतील कुठेतरी. बायको सोडून साऱ्या जगाचं ऐकू येतं त्यांना."

वर्गात त्यांचा जीव एका जागी कधी नसे. पाय हलत, नजर खिडकीकडे जाई, आणि रस्त्यावरून जड गाडी गेली की ते अर्धवट उठून उभे राहत. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मास्तरीणबाईंना, ज्या त्यांच्या मुलापेक्षाही लहान होत्या, सरळ विचारले, "बाई, चार महिन्यांत मला अर्ज लिहिता येईल का?"

"अर्ज? काका, अजून तुमचं 'कमळ' पुरं व्हायचंय."

"कमळ राहू द्या. कमळाशी माझं काय काम? मला नळ शिकवा, पाणी शिकवा, रस्ता शिकवा. घाई आहे हो."

"एवढी कसली घाई? लग्न करताय की काय पुन्हा?"

सगळा वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यांनी पाटीवर एक उभी रेघ ओढली, ती पुसली, आणि पुन्हा ओढली.

घाई कसली, हे समजण्यासाठी शहर कसे आहे ते सांगणे आवश्यक आहे. शहर एक, पण राज्ये दोन. मोठ्या रस्त्याच्या बरोबर मधून दोन राज्यांची हद्द जाते. अलीकडची नगरपालिका वेगळी, पलीकडची वेगळी. पाण्याच्या टाक्या वेगळ्या, सुट्ट्यांचे दिवस वेगळे, दिव्याच्या खांबांचे आकडेसुद्धा ज्याचे त्याचे. माणसे मात्र एकमेकांत अशी मिसळलेली की कोण कोठला हे सांगणे कठीण. मुलगी अलीकडची तर सासर पलीकडचे. दुकान पलीकडे तर गिऱ्हाईक अलीकडचे. अलीकडे भांडण जुंपले आणि पोलीस येताना दिसले, तर माणसे चार पावले पलीकडे सरकून उरलेले भांडण तेथे पुरे करीत. चालताना ती हद्द कुणाला दिसत नसे. हातात कागद घेतला, की लगेच दिसे.

कागदाचा नियमही या शहराचा स्वतःचा होता. मोठा रस्ता दोघांचा, म्हणून रस्त्याविषयीचा कोणताही अर्ज दोन्ही कार्यालयांत एकाच दिवशी द्यावा लागे. दोन्ही प्रती एकाच हाताने लिहिलेल्या आणि शब्दाला शब्द जुळणाऱ्या हव्यात. एका शब्दाचा फरक निघाला तर "प्रती जुळत नाहीत" असा शेरा मारून दोन्ही अर्ज परत येत. पूर्वी लोक अलीकडे एक सांगत आणि पलीकडे दुसरे, त्यावर हा तोडगा निघाला होता. ज्यांना लिहिता येत नसे ते कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जवाल्याकडे जात. अर्जवाल्याचे अक्षर मोत्यासारखे होते, पण तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी लिहिलेला अर्ज दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला तोंडपाठ होई.

नळवाल्यांना जे लिहायचे होते ते बाजाराला कळून चालणार नव्हते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी पलीकडच्या बाजूला, रस्त्यालगत, अकरा घरांची एक चाळवजा रांग होती. पलीकडच्या नळाचे ते शेवटचे टोक. टाकीतून निघालेले पाणी तेथे पोहोचेपर्यंत करंगळीएवढे होई, आणि उन्हाळ्यात तेवढेही येत नसे. त्या रांगेत त्यांची थोरली बहीण राहत असे. ती हंडा घेऊन रस्ता ओलांडून अलीकडच्या सार्वजनिक नळावर येई. एके दिवशी तेथल्या बायकांनी तिचा हंडा रांगेतून उचलून बाजूला ठेवला. "तुमचं राज्य पलीकडे, तुमचं पाणी पलीकडे," असे त्या म्हणाल्या. ती रिकामा हंडा उचलून परत गेली. नळवाले तेव्हा समोरच्या घरी कॉक बदलत होते. त्यांनी हे पाहिले, आणि हातातला कॉक उलटा बसवला. ही गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा त्यांना बहिणीच्या अपमानापेक्षा त्या उलट्या कॉकची लाज अधिक वाटत होती, असे त्यांनीच बोलून दाखवले.

त्या वर्षी टेलिफोनच्या तारेसाठी रस्ता आडवा खणलेला होता. दोन्ही कार्यालयांना एकाच दिवशी सुट्टी, असा दुर्मीळ योग आला. भर दुपारी, सगळे सामसूम असताना, त्यांनी अलीकडच्या मोठ्या नळाला भोक पाडले आणि टेलिफोनच्या चरातून पाऊण इंची पाईप पलीकडे नेऊन अकरा घरांच्या नळाला जोडला. पत्नी कडेला छत्री धरून उभी होती. कुणी विचारले तर नवऱ्याला ऊन लागू नये म्हणून उभी आहे, असे सांगायचे ठरले होते. कुणी विचारले नाही. जोड गळू नये म्हणून पाईपच्या आट्यांना सफेदा लावला, सुतळी गुंडाळली, माती लोटली. दुसऱ्या दिवशी अकरा घरांत पाणी आले. लोक म्हणाले, वरच्यांना अखेर दया आली.

बहीण पुढे बावीस वर्षे ते पाणी प्यायली आणि वारली. तिला त्यांनी कधी सांगितले नाही. "सांगितलं असतं तर तिनं सोडलं असतं ते पाणी," ते म्हणाले. "हट्टी होती. आमच्या घरात सगळेच हट्टी, फक्त मी सोडून." त्यांची पत्नी हे ऐकायला तेथे नव्हती, हे बरे झाले.

मधल्या काळात शहर वाढले. अकरा घरांवर मजले चढले, मजल्यांवर भाडेकरू आले, आणि त्या एका पाऊण इंची पाईपवर बेचाळीस बिऱ्हाडे पाणी भरू लागली. दोन्ही बाजूंना नव्या वसाहती उठल्या. सांडपाणी जुन्या गटारांत मावेना. तेव्हा इतिहासात प्रथमच दोन्ही नगरपालिकांनी मिळून एक काम हाती घेतले. रस्त्याच्या मधून, हद्दीच्या रेघेवरूनच, पुलापासून बस आगारापर्यंत सांडपाण्याची मोठी नळवाहिनी टाकायची. चर पुरुषभर खोल.

ही बातमी ऐकली त्या दिवशी नळवाले जेवले नाहीत. यंत्र खणत दिव्याच्या सातव्या खांबापर्यंत आले की पाईप तुटणार होता. तो कोणत्याही नकाशावर नव्हता. जो पाईप नाही तो दुरुस्त कोण करणार? बेचाळीस बिऱ्हाडे एका सकाळी कोरडी पडणार होती. आधी जाऊन सांगावे, तर एका राज्याचे पाणी दुसऱ्या राज्यात नेल्याचा गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा. त्यात मुलगा पलीकडच्या पाणी विभागात हंगामी कारकून, कायम होण्याच्या उंबरठ्यावर.

"पोराकडून लिहून घ्या की," पत्नी म्हणाली होती. "चांगला शिकलाय."

"त्याच्या अक्षरात? त्याच्याच टेबलावर? म्हणजे बापानं खाल्लं आणि पोरानं हात धुतले."

"मग गप्प बसा. अठ्ठावीस वर्षं बसलात ना?"

"यंत्र गप्प बसेल का?"

"बोललात तर पोराची नोकरी जाईल, आणि नाही बोललात तर तुम्ही मला झोपू देणार नाही. इकडे आड नि तिकडे विहीर. मी म्हणते, त्या दिवशी छत्री धरायला मी आलेच कशाला?"

तेव्हा त्यांनी पाटी विकत आणली.

त्यानंतरचे चार महिने म्हणजे एक शर्यत होती. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला बाराखडी. रोज वर्गाला येण्यापूर्वी ते चराच्या कडेने चालत जात, खणलेल्या टोकापासून सातव्या खांबापर्यंतची पावले मोजत, आणि बाकावर बसता बसता या बाईला आकडा सांगत. "आज दोनशे दहा." "आज एकशे नव्वद." कारण न समजल्यामुळे या बाईला वाटले, डॉक्टरांनी चालायला सांगितले असावे. तिने त्यांना एकदा सल्लाही दिला की पावले कमी होत चालली आहेत, वाढवा. त्यावर त्यांनी तिच्याकडे असे पाहिले, की तिने पुन्हा आरोग्याचा विषय काढला नाही.

अक्षर मात्र काही केल्या हाताचे ऐकेना. आयुष्यभर पान्हा आवळलेली बोटे खडू असा आवळत की त्याचे तुकडे होत. आकडे त्यांना पाईपांमुळे येत होते, पण काना-मात्रा कोठे द्यायचे हे आठवत नसे. यंत्र बिघडले, किंवा दोन कार्यालयांत वाद होऊन काम आठवडाभर अडले, तर ते अशा दिवशी उत्साहाने दोन पाने लिहून आणीत. काम पुन्हा सुरू झाले की त्यांची अक्षरे पुन्हा ओळ सोडून जात.

"काका, बसा की स्वस्थ," मास्तरीणबाई म्हणत. "अक्षर म्हणजे काय गळका नळ आहे का, धावत धावत आवळायला?"

"गळका नळ बरा हो बाई. तो निदान आवाज करतो."

ज्या दिवशी पावले साठवर आली, त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते बाकावरून उठले नाहीत. त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले आणि या बाईपुढे ठेवले. "तुम्ही पलीकडच्या. मी अलीकडचा. दोन्ही प्रती जुळतात का तेवढं बघा. अक्षर अन् अक्षर. मास्तरीणबाईंना नको दाखवायला, त्या सरकारी पगार घेतात. त्यांना कळलं तर त्यांना त्रास."

अर्ज सहा ओळींचा होता. त्यात लिहिले होते की मोठ्या रस्त्यावर सातव्या खांबाजवळ, रस्त्याखाली चार फुटांवर, पाऊण इंची पाईप आहे. तो अर्जदाराने स्वतः टाकला आहे. त्यावर बेचाळीस घरे पाणी पितात. चर खणताना तो तोडू नये. शिक्षा अर्जदाराला करावी, घरांना करू नये.

ही हकीकत लिहिणारी बाई त्याच रांगेत, त्यांच्या बहिणीच्या शेजारच्या घरात तीस वर्षे राहत आहे. त्या बेचाळीस घरांत तिचे एक घर होते. तिने सहा ओळी तीन वेळा वाचल्या. तिला एवढे वाचता येऊ लागले होते, याचा आनंद त्या दिवशी करता आला नाही. मग तिने बोट ठेवून दोन्ही प्रती अक्षरागणिक जुळवल्या. एका प्रतीत एक अनुस्वार राहिला होता, तो त्यांनी दिला.

"जुळतात?"

"तंतोतंत जुळतात."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच पाठ बाकाला टेकवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी अलीकडे आणि लगेच पलीकडे अर्ज दिला, दोन्हींवर शिक्के घेतले. पलीकडच्या खिडकीशी त्यांचाच मुलगा होता. त्याने कागद घेतला, वाचला, बापाकडे पाहिले, आणि शिक्का मारला. तो एवढेच म्हणाला, "आई घरी आहे का?" ते म्हणाले, "आहे." मागे माणसे खोळंबली होती, म्हणून ते बाजूला झाले.

तीन दिवस काहीच झाले नाही. पावले तीसवर आली. त्यांच्या पायाला जणू भिंगरी लागली होती. ते खांबापासून कार्यालयापर्यंत, कार्यालयापासून घरापर्यंत आणि घरापासून पुन्हा खांबापर्यंत फिरत. चौथ्या दिवशी सकाळी यंत्र थांबले आणि अलीकडचे अभियंता चार मजूर घेऊन आले. सातव्या खांबाजवळ कुदळीने हळूहळू खणले. चार फुटांवर पाईप लागला. जोड अठ्ठावीस वर्षांनंतरही कोरडा होता, एक थेंब गळत नव्हता. अभियंता म्हणाले, "काम चांगलं केलंत. म्हणूनच राग येतो."

तेवढ्यात कुणीतरी ओरडत आले की पलीकडचेही खणत आहेत, पण येथे नाही, तिकडे लांब, आगाराच्या बाजूला.

नळवाल्यांच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. अलीकडचे खांब पुलापासून मोजतात. पलीकडचे खांब आगारापासून मोजतात. हे या शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच बोलताना प्रत्येक जण "इकडचा सातवा" किंवा "तिकडचा सातवा" असे म्हणतो. अर्जात मात्र प्रती जुळायला हव्या होत्या, म्हणून त्यांनी दोन्हींत नुसते "सातव्या खांबाजवळ" लिहिले, आणि या बाईने नुसते तेच जुळवून पाहिले. दोघांनी अक्षरे पाहिली. खांब कुणीच पाहिला नाही.

"थांबवा त्यांना," ते धावत म्हणाले. "तिथं काही नाहीये. उगाच मोठा नळ फोडतील."

धावत ते पोहोचले तेव्हा पलीकडच्या मजुरांचा खड्डा छातीइतका झाला होता आणि कडेला गर्दी जमली होती. मुकादम हातात अर्जाची प्रत घेऊन उभा होता. "काका, तुमचा हिशेब बरोबर निघाला," तो म्हणाला. "हा बघा पाईप."

खड्ड्यात खरोखरच एक पाईप होता. तो पलीकडच्या मोठ्या नळातून निघून अलीकडे जात होता. हा पाईप नळवाल्यांनी टाकलेला नव्हता.

ते खाली उतरले. जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि ती तारेने बांधली होती. त्यांनी तारेवरून अंगठा फिरवला. पीळ उलटा होता. उजव्या हाताचा माणूस तार पिळतो त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेने.

वर गर्दीत पुढच्याच ओळीत पलीकडचा नळवाला उभा होता. त्याला सगळे डावखुरा म्हणत. या दोघांत वीस वर्षे बोलणे नव्हते. डावखुरा सगळीकडे सांगत फिरे, की आमच्या बाजूचा दाब कमी होतोय, अलीकडचा कुणीतरी आमचं पाणी खातोय. नळवालेही हेच पलीकडच्यांविषयी सांगत. लग्नकार्यात समोरासमोर आले तर दोघे एकमेकांच्या पायांकडे पाहून निघून जात.

"वर बघ," नळवाले खड्ड्यातून म्हणाले.

"बघतोय की."

"हे कुणाचं काम?"

"तूच सांग. अर्ज तुझा आहे."

"तार उलटी पिळलीय. या गावात उलटी तार पिळणारा एकच गाढव आहे."

गर्दीत हशा पिकला. डावखुऱ्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिले. मग त्याने चपला काढून कडेला ठेवल्या आणि तोही खाली उतरला. "अलीकडच्या शेवटच्या गल्लीला पाणी नव्हतं," तो म्हणाला. "माझी लेक तिथं दिलीय. तुझ्या नगरपालिकेला पाच वर्षं सांगून सांगून थकली. पाच वर्षं! मग मी काय बघत बसू?"

"आणि वरून मलाच चोर म्हणत फिरलास. चोराच्या उलट्या बोंबा."

"तू नव्हतास चोर?"

"होतो."

"मग खोटं काय बोललो मी?"

नळवाल्यांनी जोडाकडे बोट केले. ते म्हणाले, "ट्यूब कशाला गुंडाळलीस? नवशिके गुंडाळतात ट्यूब."

"वीस वर्षं गळला नाही. तुझा गळला?"

"नाही."

"मग बस गप."

वर उभ्या असलेल्या मुकादमाला हे सगळे ऐकून कपाळावर हात मारावासा वाटला, आणि त्याने मारलाही.

त्या दुपारी रस्त्याच्या मधोमध, रेघेवर, एक टेबल टाकून दोन्ही अभियंते बसले. एकाला दुसऱ्यावर ओरडता येईना, कारण ओरडायला तोंड उघडले की स्वतःचाच खड्डा समोर दिसे. पाणी इकडून तिकडे जात होते आणि तिकडून इकडे येत होते. शेवटी ठरले, की दोन्ही गल्ल्यांना पाणी जसे मिळते तसे मिळत राहावे. जुने जोड काढून तेथे दोन्ही कार्यालयांच्या सहीने नवे जोड आणि मोजमापाची यंत्रे बसवावीत. दोन्ही नळवाल्यांचे परवाने मात्र त्याच क्षणी काढून घेण्यात आले. यापुढे मोठ्या रस्त्यावरच्या कोणत्याही नळाला त्यांनी हात लावायचा नाही. मुलाची नोकरी गेली नाही आणि कायमही झाली नाही. त्याची दुसऱ्या विभागात बदली झाली, जेथे पाण्याशी संबंध नव्हता.

आज त्या रांगेत पाणी येते, पूर्वीपेक्षा जरा जोराने येते. नळवाले आणि डावखुरा आता कधीकधी चराच्या कडेला एकत्र उभे राहून नव्या कामाला नावे ठेवताना दिसतात. परवाना परत मिळावा म्हणून नळवाल्यांनी स्वतःच्या हाताने दोन अर्ज केले. अजून उत्तर आलेले नाही. ते वर्गाला येतात, पुस्तक उघडतात, आणि एक पान पुरे होण्याआधीच उठून खिडकीशी जातात.

परंतु ज्या दिवशी जुना जोड कापून नवा बसवण्यात आला, त्या दिवशी यातले काहीच निश्चित नव्हते. काम सकाळी दहाला सुरू झाले. ठेकेदाराची माणसे बाहेरून आलेली होती. नळवाल्यांना जवळ फिरकण्याची मनाई होती, म्हणून ते दुपारी वर्गाला आले. मास्तरीणबाई बेरजा घालत होत्या. त्यांनी एकही बेरीज केली नाही. दर थोड्या वेळाने ते सळई हातात घेत, फरशीवर टेकवत, आणि कान लावण्याआधीच बाजूला ठेवत. शाळेची जमीन फार लांब होती, तेथून काही ऐकू येणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते.

"काका, डोकं दुखतंय का? घरी जाता का?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"घरी अलीकडचं पाणी येतं," ते म्हणाले. "तिथं जाऊन काय कळणार?"

साडेचारला वर्ग सुटला. सगळे उठले. त्यांनी पाटी पिशवीत घातली, पुन्हा बाहेर काढली, आणि पुन्हा घातली. मग दाराशी उभे राहून, या बाईला वाट न देता, ते म्हणाले, "बाई, घरी गेल्यावर दुसरं काही करू नका. चूल पेटवू नका, कपडे बदलू नका. आधी मोरीतला नळ सोडून बघा. आणि पाणी आलं तरी, नाही आलं तरी, मला येऊन सांगा."